उलट्या बाजूचा तीळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. दुसरं काही नाही. थंडीचे दिवस, संध्याकाळची वेळ. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्याच्या टोपात, मध्ये सालं टाकायला परात, सोललेले वाल तिच्या मांडीपाशी वाडग्यात. समोर मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केलेला तिचा फोन, आणि फोनात कॉलेजच्या मॅडम. मॅडम परदेशातल्या चित्रांबद्दल सांगत होत्या आणि आम्ही बिरड्याची तयारी करत होतो.

शालन माझी बायको. म्हातारपणी तिने ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं होतं, आधुनिक चित्रकलेच्या इतिहासाला. मी नव्हतं घातलं. मी पाचवीला शाळा सोडलेला माणूस. तिच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून बसायचो आणि ती देईल ते सोलायचो, निवडायचो, मोडायचो. वाटाणे, लसूण, गवार. पण थंडीत जास्त करून वाल.

आता परत थंडी आलीय. कांजूरला थंडी म्हणजे काय, ते आमच्याकडे राहणाऱ्यालाच माहीत. बाहेरचे लोक स्वेटर काढतात, आम्ही खिडक्या लावतो. दिवस मावळला की वारा फिरतो आणि कचऱ्याच्या डम्पिंगचा वास सरळ घरात येतो. मग खिडक्या बंद, दार बंद, आणि आतल्या आत आमचा संसार. त्या बंद खोलीत फोडणीचा, मोड आलेल्या वालांचा आणि तिच्या गुडघ्याला चोळलेल्या तेलाचा असा मिळून एक वास असायचा. मला वाटायचं की चित्रकलेचा वास तसाच असतो. अजून वाटतं.

परवा भाजीवालीकडे वाल बघितले. घेतले नाहीत. एकट्यासाठी बिरडं कोण करतो?

शालनने कोर्सचं पहिल्यांदा काढलं तेव्हा मी हसलो होतो. ती इथेच एका औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायची. दहावी झालेली, बारावी नंतर रात्रशाळेत केली, नोकरी करून. निवृत्त झाल्यावर म्हणाली, आता बीए. आणि बीएच्या आधी हा छोटा कोर्स. मी विचारलं, "म्हणजे तू आता चित्रं काढणार?"

"काढूची नाय. बघूची."

"बघायला कॉलेज लागतं? देवाने डोळे दिलेत ना फुकट."

"तुमका पण दिलेत. तुमी खय बघतास?"

आमचं घरातलं बोलणं असं, अर्धं मालवणी आणि अर्धं मुंबईचं. गाव सुटलं, मिल सुटली, पण भांडताना मालवणीच यायची.

मी बघत नाही हे तिचं म्हणणं खरं होतं. मिल बंद पडल्यावर मी एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन झालो, तो निवृत्त होईपर्यंत. लिफ्टमध्ये कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. सगळे वर आकड्यांकडे बघतात. मोठा साहेब असो, चहावाला असो, आत शिरला की मान वर. लिफ्टमनने तर बघायचंच नसतं. कोण कोणाबरोबर आलं, कोण रडून आलं, आपल्याला काय? बटण दाबायचं. पुढे पुढे मी घरीही तसाच झालो. जेवताना ताटाकडे, बोलताना भिंतीकडे. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोकडे बघत कोण बसतो? ती तरी माझ्याकडे कुठे बघत होती? ती दुधाकडे बघायची, उतू जाईल म्हणून.

तर मी वाल सोलता सोलता एक डोळा फोनवर ठेवायचो. एकदा मॅडमनी एक चित्र दाखवलं, टेबलावर फळं ठेवलेली. टेबल असं तिरकं की फळं आता गडगडत खाली येणार. मी म्हटलं, "ह्याला टेबल सरळ काढायला येत नाही, आणि ह्याचा इतिहास शिकता तुम्ही."

शालन फोनकडेच बघत म्हणाली, "तो एका जागी बसून नाही बघत. एकदा वरून बघतो, एकदा समोरून. दोन्ही एकदम काढलंय."

"मग त्याला सांग, एका जागी गप बस."

"तुमी बसलात आयुष्यभर. काय दिसला?"

दुसऱ्या एका तासाला नुसता निळा रंग. पूर्ण चित्रभर निळा. बाकी काही नाही. मी म्हटलं, आपल्या संडासाला असाच लावला होता, आपण त्याचे पैसे दिले, याला मात्र लोक पैसे देतात. ती हसली नाही. बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातला वाल तसाच. मग म्हणाली, "आमच्या लेबलांचा पण असाच निळा होता. दिवसभर बघून रात्री डोळे मिटले तरी दिसायचा." मी पुढचा वाल घेतला.

आणि एकदा त्या बाईचं चित्र आलं. अर्धं तोंड समोरून, अर्धं बाजूने, नाक एका कुशीला, दोन्ही डोळे एकाच बाजूला. मी म्हटलं, "हिची पार वाट लावलीय." फोनमधली पोरंपोरीही हसली, मॅडमसुद्धा हसल्या, कारण शालनचा माइक चालू राहिला होता. शालनने पदराने तोंड झाकलं. आणि पदर कुठला, गाऊनचीच बाही. मॅडम म्हणाल्या, "काका, छान. पण सांगा, तुम्ही काकूंना एकाच बाजूने ओळखता का?" मी उठून मोरीत गेलो. त्यानंतर मी तासाला शर्ट घालून बसायला लागलो. दिसत नाही म्हणून सांगितलं तरी घालायचो. आवाज जातो तर माणूसही जात असेल, काय भरवसा?

कोर्सला नाव घालताना फोटो लागला होता. स्टुडिओत जायला ती तयार नव्हती, म्हणाली, फोनवर काढते. खिडकीत उभी राहिली, हात लांब केला, फोनच्या पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं, केस सारखे केले. मला विचारलं, "बरी दिसतंय काय मी?"

मी पेपर बघत होतो. म्हटलं, "बरी दिसतस."

"बघून सांगा."

"बघितलंय."

नव्हतं बघितलं.

त्या वालाच्या संध्याकाळी ती झोपली ती नेहमीसारखी. सकाळी मी पाण्याला उठलो, टाकी भरली, चहा ठेवला, हाक मारली. दोनदा मारली. मग जवळ गेलो. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, त्रास झाला नसेल. लोकांनीही तेच सांगितलं, चांगलं मरण आलं. आलं असेल. ज्याला आलं त्याला विचारता येत नाही.

आमची मुलगी वैशाली गोरेगावला असते. ती धावत आली. दुपारपर्यंत सगळं उरकलं. बाराव्या-तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे होता, आणि शालनचा एकटीचा फोटो घरात एकच निघाला, कोर्सचा. बाकी सगळ्यात ती कोणाच्या तरी मागे, नाहीतर ताट घेऊन वाकलेली. वैशालीने तो फोटो फोटोवाल्याकडे दिला. त्याने तिचा गाऊन काढून टाकला आणि त्या जागी कॉम्प्युटरवर साडी नेसवली. जांभळी, काठाची. तशी साडी तिच्याकडे नव्हती. फ्रेम झाली, भिंतीला लागली, हार पडला.

मी बघितलं आणि म्हटलं, "ही शालन नाही."

वैशाली म्हणाली, "बाबा, साडीमुळे वाटतं तसं."

"साडीचं नाही बोलत. तोंडाचं बोलतो."

"अहो, आईच आहे. तीळ बघा, आहे की नाही? दात बघा."

तीळ होता. हसताना वर जाणारा ओठ होता, त्याखालचा एकावर एक चढलेला दात होता. सगळं होतं आणि ती नव्हती. तिची एखादी बहीण असावी तशी बाई होती, माझ्या न ओळखीची. मला काय चुकलंय ते सांगता येईना. शेजारी आले, बघून म्हणाले, अगदी हुबेहूब. सगळ्या जगाला हुबेहूब वाटतं तर माझंच डोकं फिरलं असेल.

पण मग वाईट व्हायला लागलं. भिंतीवरच्या बाईला रोज बघायचं, रोज हार बदलायचा. बघून बघून ती बाई डोळ्यात बसायला लागली आणि शालन निघायला लागली. आधी मी डोळे मिटले की शालन दिसायची. मग डोळे मिटले की फ्रेम दिसायला लागली. जांभळी साडी आणि ते परकं हसू. शालनचा आवाज यायचा, तिच्या हाताची बोटं दिसायची, वाल सोलताना पाण्याने सुरकुतलेली. तोंड मात्र नाही. माणूस गेलं ते गेलं, ते मी मानलं होतं. पण गेल्यावर परत थोडं थोडं जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या तोंडाकडे कधी बघितलं नाही, ते आता शोधत होतो, आणि माझ्याकडे दाखवायला फक्त ती चुकीची बाई. फ्रेम उतरवावी तर लोक काय म्हणतील. ठेवावी तर ती शालनला पुसून टाकते. असं वर्ष गेलं. वर्षश्राद्ध झालं.

शालनचा फोन मी चालू ठेवला होता. वैशाली म्हणायची, बाबा, बंद करा आता. मी नाही केला. यंदा थंडी पडायला लागली आणि त्या फोनवर कॉलेजचा मेसेज आला, नवा वर्ग सुरू होतोय, मागच्यांपैकी ज्यांचं राहिलं असेल त्यांनी बसावं. मला वाचायला वेळ लागला. मग मी बटण दाबून मॅडमना बोलूनच पाठवलं. म्हटलं, "मॅडम, मी शालनचा नवरा. ती गेली, मागच्या थंडीत. तिचं राहिलंय. मी बसलो तर चालेल का? परीक्षा नको. नुसतं बसतो."

मॅडमचा लगेच फोन आला. मग म्हणाल्या, "काका, मला वाटलं त्यांनी सोडला कोर्स. बसा तुम्ही. शर्ट नाही घातला तरी चालेल." म्हणजे शालनने त्यांना सांगितलं होतं तर.

मी बसतो. खिडक्या लावून, मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून. बसतो माझ्याच जागेवर, भिंतीला टेकून. तिची जागा रिकामी ठेवतो. फोन त्यामुळे जरा तिरका दिसतो, पण ते टेबलसुद्धा तिरकंच होतं. यंदाच्या वर्गात सगळी पोरं आहेत, एक नोकरीवरून बसमधूनच ऐकणारी मुलगी आहे. मला अर्धं कळत नाही. इंग्रजी शब्द आला की मी तो जाऊ देतो. लिफ्टमध्ये माणसं जायची तसा.

तर मागच्या आठवड्यात चित्रकारांनी स्वतःची काढलेली चित्रं होती. एकेक तोंड येत होतं. दाढीवाला, फेटेवाला, आपल्याकडची एक बाई कपाळावर मोठं कुंकू लावलेली. मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट लक्षात ठेवा. हे लोक आरशात बघून स्वतःला काढत होते. म्हणजे चित्रात डावं ते उजवं झालंय, उजवं ते डावं. त्यांच्या घरच्यांना ते असे दिसत नव्हते. ते फक्त स्वतःला असे दिसत होते."

बसमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, सेल्फीसारखं ना? माझ्या फोनमध्ये पण उलटं येतं."

मॅडम म्हणाल्या, "हो, काही फोनमध्ये तसंच राहतं."

मी फोन तसाच बोलत ठेवला आणि उठून फ्रेमपुढे गेलो. तीळ बघितला. मग परत येऊन माझ्या जागेवर बसलो, भिंतीला टेकून, आणि उजवीकडे मान वळवली, जिथे ती बसायची. मी नेहमी तिच्या डाव्या बाजूला. म्हणजे तिचा डावा गाल माझ्याकडे. आणि तीळ माझ्याकडे असायचा. मसाल्याच्या डब्याच्या वर, फोनच्या उजेडात, तो तीळ माझ्या बाजूला असायचा. न बघता बघितलेला. भिंतीवरच्या बाईचा तीळ उजव्या गालावर होता.

वैशालीला फोन लावला. ती स्वयंपाकात होती. म्हटलं, "आईचा तीळ कुठल्या गालावर होता?"

"कसला तीळ? काय झालं बाबा?"

"कुठल्या गालावर, सांग."

मग म्हणाली, "डाव्या. नाही, थांबा. उजव्या ना? फोटोत उजव्याच आहे."

"फोटो उलटा आहे. तिने तो आरशासारखा काढला होता. स्वतःला बघून."

ती रविवारी आली. शालनच्या फोनमध्ये मूळ फोटो शोधला, बोटाने काहीतरी केलं आणि तो उलटला. एका टिचकीत. आणि तिथे शालन होती. गाऊनमध्ये, खिडकीत, ओठ डावीकडे वर गेलेला, आता हसून काहीतरी टोचून बोलणार अशी. मी बघत राहिलो. वैशाली रडायला लागली. म्हणाली, "मी तिची मुलगी, बाबा. मला कळलं नाही. वर्षभर हार घातला."

मी म्हटलं, "आयशीच्या तोंडाकडे कोण बघता गो? तिच्या हाताकडे बघतात, काय आणलंय म्हणून. तू तरी काय करणार?"

"मी आजच फ्रेम बदलून आणते."

"आण. साडी नको नेसवू म्हणावं. गाऊनच राहू दे."

आता सरळ केलेला फोटो भिंतीवर आहे. येणारेजाणारे बघतात आणि म्हणतात, देवाघरी गेलेल्या बाईचा गाऊनमधला फोटो? म्हणू देत. त्यांना आधीची बाईही हुबेहूबच वाटली होती.

पण उलटा फोटो मी पुसू दिला नाही. तो तिच्या फोनात ठेवलाय. कारण मागाहून माझ्या लक्षात आलं, ती बाई परकी नव्हती. शालन स्वतःला आयुष्यभर तशीच ओळखत होती. सकाळी मोरीवरच्या आरशात कुंकू लावताना तिला तीच बाई दिसायची, तीळ तिकडे, हसू तिकडे. मी जिला ओळखायचो ती तिने कधी बघितली नाही, आणि ती जिला ओळखायची ती मी बघितली नव्हती. एका घरात राहून. ते नाक एका कुशीला गेलेल्या बाईचं चित्र यंदा परत आलं तेव्हा पोरं हसली. मी नाही हसलो. दोन्हीकडून एकदम बघायचं म्हटलं तर माणूस तसंच दिसणार, वाट लागल्यासारखं. तुम्हाला दुसरं जमत असेल तर काढून दाखवा.

तोंड परत मिळालं, तशी एक सकाळही परत मिळाली. वर्षभर ती आठवायला गेलो की मध्ये फ्रेम यायची. आता येत नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी मॅडमनी अभ्यास दिला होता. कुठलीही एक वस्तू घ्या, हातातली, रोजची. दहा मिनिटं तिच्याकडे बघा. तिचं नाव मनात आणू नका. नाव आलं की बघणं थांबतं. शालनने लगेच टोपातून एक वाल काढला आणि माझ्यापुढे धरला. "घेवा. बघा."

"वालच आसा तो. काय बघूचा?"

"नाव घेतलास. आता परत पयल्यापासून."

मी तो वाल घेतला आणि तोंडात टाकला. कच्चा कडवा वाल. तोंड सगळं कडू झालं, थुंकायला उठलो. मागे ती हसत होती, खूप हसत होती. मी चूळ भरत होतो. ते हसणं मी ऐकलं. बघितलं नाही. मग म्हणाली, उरलेले वाल उद्या सोलू, आज डोळे दुखले. टोप झाकून ठेवला आणि म्हणाली, "आणि अख्खे सोला हो. तुमी सगळे अर्धे करतास. बिरड्याचा पिठला होता."

उद्याचा दिवस तिला घेऊन गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल बंद, सुतक. शेजारचे चहा देऊन गेले. वैशाली आवरत होती. तिने ओट्यावरचा टोप उघडला आणि म्हणाली, "बाबा, हे वाल टाकून देते. आंबतील."

मी म्हटलं, "दे इकडे."

माझ्या जागेवर बसलो. टोप पुढ्यात घेतला. मोड लांब झाले होते, पांढरे, टोकाला जरा पिवळट. पाण्यावर फेस आला होता. मी एक वाल घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. नाव घेतलं नाही. साल तपकिरी होतं, ओलं, एका जागी फाटलेलं, आणि फाटीतून आतला हिरवट पांढरा रंग दिसत होता. वरच्या बाजूला पांढरी रेघ होती, कोणी मुद्दाम ओढावी तशी. इतकी वर्षं सोलले, ती रेघ कधी दिसली नव्हती. किती वेळ बघितलं माहीत नाही. वैशाली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मग हळूच चिमटीत धरून दाबला. साल परातीत पडलं. वाल अख्खा निघाला, कुठे न फुटता.

दाखवायला मी उजवीकडे मान वळवली.